येवलेबाईंचे चिमटे

आमच्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये स्टेपलर नव्हता. कोणी आणून दिला असता तरी येवलेबाईंनी तो वापरू दिला नसता. पिनेने कागदाला भोक पडतं, पावसाळ्यात पिनेला गंज चढतो आणि दहा वर्षांनी नेमकी हवी ती ओळ वाचता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याकडे होते कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. ती खोली आधी धोबीखात्याची होती. भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या दोन दोऱ्या आणि चिमट्यांनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा ही इस्टेट त्यांना खोलीबरोबर मिळाली होती. ज्या फाईलमध्ये डॉक्टरने काही अर्धवट सोडलं असेल तिला बाई जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा तुकडा लावत, त्याच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहीत, वर चिमटा लावत आणि फाईल परत पाठवत. दोन दिवसांत उत्तर आलं नाही की फाईल दोरीवर चढे. चिमट्यावर डॉक्टरची आद्याक्षरं असत आणि दोरी कँटीनकडे जाणाऱ्या खिडकीतून स्वच्छ दिसे. त्यामुळे चहाला जाताना कुणाची किती धुणी वाळत पडली आहेत ते सगळ्यांना कळत असे.

आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, तळेगाव आणि कामशेतच्या मधे जुन्या हायवेला लागून. मी तिथे ड्यूटी डॉक्टर म्हणून लागलो तेव्हा मला वाटायचं की आपल्याला सगळ्या प्रकारचे रुग्ण बघायला मिळतील. मिळाली ती मुख्यतः डोकी. मावळात डोकी फुटण्याचेही ऋतू आहेत. पावसाळ्यात भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून घसरलेली पुण्या-मुंबईची पोरं. थंडी सरता सरता बैलगाड्यांच्या शर्यती. उन्हाळ्यात आंबा, जांभूळ आणि मधाची पोळी काढायला झाडावर चढलेली माणसं, शिवाय खंडाळ्याच्या बंगल्यांना रंग देताना शिडीवरून पडलेले कामगार. हायवेला मात्र ऋतू नाही, तो बारमाही.

पहिल्याच आठवड्यात माझी एक फाईल चिमट्यासकट परत आली. मी निदानाच्या जागी ‘डोक्याला मार’ एवढंच लिहिलं होतं. कागदावर बारीक, सरळ अक्षरात चार प्रश्न होते. मार कुठे? आत रक्तस्राव आहे, नाही, की तपासलेलं नाही? शुद्ध हरपली का, आणि हरपली तर किती वेळ? हे कोणी पाहिलं? मी नवीन असल्यामुळे माझ्या अंगात रग होती. फाईल घेऊन मी तरातरा रेकॉर्ड रूममध्ये गेलो.

टेबलामागे एक ठेंगणी बाई बसली होती. सुती साडीवर हॉस्पिटलचा निळा कोट, कोटाच्या खिशातून डोकावणारे तीन चिमटे. माझं सगळं बोलणं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “डोकं म्हणजे नारळ आहे का डॉक्टर, फुटला की नाही एवढंच सांगायला?”

त्यांचं काम काय ते थोडक्यात सांगायला हवं, कारण हॉस्पिटलमध्येही निम्म्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. रुग्ण घरी गेला की त्याच्या फाईलवरून त्याच्या दुखण्याला एक अक्षर-आकड्यांचा कोड द्यायचा. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलं तर एक, आवरणाबाहेर साकळलं तर दुसरा, नुसता हादरा बसला तर तिसरा. झाडावरून पडला याचा वेगळा, गाडीवरून पडला याचा वेगळा. मग तो कोड विमावाले वाचतात, सरकार वाचतं आणि सहा महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या दवाखान्यात गेला तर तिथला डॉक्टर वाचतो. डॉक्टरने नुसतं ‘डोक्याला मार’ लिहिलं तर त्यालाही पुस्तकात एक कोड आहे, ‘अनिर्दिष्ट’ नावाचा. बाकीच्या हॉस्पिटलांत तो सढळ हाताने वापरतात. येवलेबाई तो कोड शिळ्या अन्नासारखा वापरत, म्हणजे दुसरं काहीच मिळालं नाही तर आणि तोंड वाकडं करून.

त्यांच्या जगात तीनच उत्तरं होती. आहे, नाही, आणि माहीत नाही. “नाही आणि माहीत नाही यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे,” असं त्या नव्या डॉक्टरांना सांगत. “माहीत नसेल तर तसं लिहा, मी काही म्हणणार नाही. कोरं सोडू नका. कोऱ्या जागेत पुढचा माणूस त्याला हवं ते वाचतो.” ‘साधारण’ हा शब्द त्यांना चालत नसे. ‘अंदाजे’ चाले, पण अंदाज कुणाचा तेही लिहावं लागे.

वेळेच्या बाबतीत तर त्यांनी एक पद्धतच बसवली होती. शुद्ध किती वेळ हरपली असं विचारलं की नातेवाईक एकतर ‘दोन मिनिटं’ म्हणतात, नाहीतर ‘लय वेळ’. बाई कधी मिनिटं विचारत नसत. त्या विचारत, “तो पडल्यापासून तुमच्याशी बोलेपर्यंत तुम्ही काय काय केलंत?” एकदा भुशीला पडलेल्या एका पोराचे मित्र ‘दोनच मिनिटं’ यावर ठाम होते. बाईंनी विचारायला सुरुवात केली. आधी हाका मारल्या. मग एक जण खाली गाडीपर्यंत गेला, किल्ली दुसऱ्याकडे होती म्हणून परत वर आला, पुन्हा खाली गेला, पाण्याची बाटली घेऊन आला. मधल्या वेळात मक्याची कणसं विकणाऱ्या मावशीने कांदा फोडून नाकाशी धरला. बेरीज चौदा मिनिटांवर गेली. मित्रांची तोंडं पांढरी पडली आणि मी त्या पोराला तपासणीसाठी दुसऱ्यांदा आत घेतलं.

या कामासाठी त्यांच्याकडे एक वही होती. तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत दीड मिनिट. म्हशीची धार निघेपर्यंत दहा. इंदुरीच्या पुलापासून रिक्षाने आपलं गेट पंचवीस, बाजाराच्या दिवशी चाळीस. हे सगळं त्यांनी स्वतः मनगटावरच्या घड्याळाने मोजलेलं होतं. म्हशीची धार मोजायला त्या खरोखर कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. आम्ही हसलो की म्हणत, “घड्याळ बघून कोणी पडत नाही.”

आमचे सर्जन, ज्यांना शिपायापासून ट्रस्टींपर्यंत सगळे ‘सर’ म्हणत, त्यांनाही चिमट्याची माफी नव्हती. एका म्हाताऱ्याची फाईल बाईंनी त्यांच्याकडे तीनदा परत पाठवली. रक्तस्राव उजवीकडे की डावीकडे, आणि म्हातारा रक्त पातळ करायची गोळी घेतो का, एवढाच प्रश्न होता. तिसऱ्यांदा सर स्वतः खाली आले. “बाई, ऑपरेशन मी करतो की तुम्ही?” असं गरजले. बाई उठून उभ्या राहिल्या, कारण सर वयाने आणि मानाने मोठे, आणि म्हणाल्या, “तुम्हीच करता सर. म्हणून तर तुम्हाला विचारते.” सरांनी उभ्याउभ्या दोन ओळी लिहिल्या. तीन आठवड्यांनी तो म्हातारा डोकं दुखतंय म्हणून माझ्यासमोर येऊन बसला तेव्हा त्या दोन ओळी वाचून मी त्याला तडक स्कॅनला पाठवला. तो वाचला. हे मी बाईंना सांगायला गेलो तर म्हणाल्या, “बरं झालं. पण तुम्ही काल सोडलेल्या पेशंटचं वय घातलेलं नाहीये.”

एवढी काटेकोर बाई म्हटल्यावर तिच्या पाठीमागे काहीतरी दुःखद घटना असणार, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. नर्सेसच्या मते त्यांचा भाऊ चुकीच्या रेकॉर्डमुळे गेला होता. फार्मसीवाल्याच्या मते नवरा. नवरा तर जिवंत होता, लोणावळ्याला रेल्वेत होता आणि दर शनिवारी चिक्कीचा पुडा पाठवत होता. एकदा मी धीर करून विचारलंच. बाई डब्यातला इंद्रायणी भात आणि वालाची उसळ जेवत होत्या. घास संपवून म्हणाल्या, “असं काही झालेलं नाही. मला अर्धवट लिहिलेलं आवडत नाही, एवढंच.” मी जरा हिरमुसलोच.

आता बबनची गोष्ट. ती सांगताना मला स्वतःचे कान धरावे लागतात, कारण तिची सुरुवात माझ्या हातून झाली.

बबन इंदुरीचा. तिकडच्या एका शाळेची बस चालवायचा. मे महिन्यातल्या एका रविवारी लोणच्यासाठी कैऱ्या काढायला तो शेताच्या बांधावरच्या आंब्यावर चढला, फांदी मोडली आणि तो खाली दगडावर आपटला. दुपारी तीनच्या सुमाराला त्याला टेम्पोत घालून आणलं. बरोबर त्याची बायको सिंधू होती. डोक्याला गुंडाळलेला टॉवेल रक्ताने भिजलेला, तोंडाने असंबद्ध बरळणं, मधेच उलटी, आम्हालाच लाथा मारायला बघत होता. आणि त्याच्या अंगाला देशी दारूचा असा भपकारा येत होता की सिस्टरने नाकाला पदर लावला. त्याच वेळी हायवेवरून तीन जण आले होते. मी घाईघाईने सिंधूला विचारलं, “उलटी किती वेळा? आकडी आली होती का?” ती म्हणाली, “न्हाई.” मी लिहिलं, ‘आकडी नाही. दारूच्या नशेत झाडावरून पडला.’

स्कॅनमध्ये मेंदूला सूज आणि थोडा रक्तस्राव दिसला. ऑपरेशन लागलं नाही. आठ दिवसांनी बबन चालत घरी गेला. त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर माझी ओळ जशीच्या तशी उतरली. फाईलला चिमटा लागला होताच. ‘वास तोंडाला होता की कपड्यांना? रक्त तपासलं का? नशेत होता हे कोणी सांगितलं?’ रक्त तपासलं नव्हतं आणि सांगितलं कुणीच नव्हतं. तरी मी खाली लिहून पाठवलं, ‘वास येत होता म्हणजे येत होता.’ ती फाईल दोरीवर गेली आणि माझ्या नावाने महिनाभर वाळत राहिली. मी कँटीनला जाताना त्या खिडकीकडे बघायचं टाळू लागलो.

महिन्याने शाळा उघडली. कामावर घेण्याआधी शाळेने हॉस्पिटलचा कागद मागितला, वाचला आणि बबनला सांगितलं की दारू पिणाऱ्याच्या हातात पोरांची गाडी देता येणार नाही. बारा वर्षं तो ती बस चालवत होता. दुसऱ्या दिवशी सिंधू आमच्या व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये येऊन रडत होती.

“सायेब, त्यानं जल्मात थेंब घेतला न्हाई. इचारा कुनालाबी.”

व्यवस्थापक भला माणूस होता. त्याने मला आणि येवलेबाईंना बोलावलं आणि सरळ मार्ग सांगितला. ते पान काढायचं, डॉक्टरने दुसरं लिहायचं, जुनी तारीख टाकायची, विषय संपला. मी मान डोलावली. माझी चूक इतक्या स्वस्तात पुसली जात असेल तर मला काय, हवंच होतं.

“पान निघणार नाही,” बाई म्हणाल्या.

“अहो, पण चुकीचं लिहिलंय हे तुम्हीच म्हणताय ना?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“मी चुकीचं म्हटलेलं नाही. अर्धवट म्हटलंय. आज चांगल्यासाठी पान काढलं, तर उद्या वाईटासाठी काढताना कुणाला नाही म्हणायचं? खाली नवीन लिहिता येतं. आजची तारीख, आजची वेळ, सही. पण त्याला कुणीतरी पाहिलेलं पाहिजे.” मग त्या सिंधूकडे वळल्या. “ताई, तो पडला तेव्हा जवळ कोण होतं?”

सिंधू जरा घुटमळली. “दगडूआबा व्हतं. शेजारच्या वावरात.”

“त्यांना उद्या घेऊन या.”

दगडूआबा दुसऱ्या दिवशी आले ते धुतलेलं धोतर नेसून, कोर्टात आल्यासारखे. रेकॉर्ड रूममध्ये बाई, मी, सिंधू आणि ते, एवढेच होतो. डोक्यावर माझ्या फाईली लटकत होत्या.

“आबा, त्याच्या अंगाला दारूचा वास कसा आला?” बाईंनी विचारलं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “म्या वतली.”

“त्याला पाजलीत?”

“पाजली न्हाई वो. डोस्क्यावं वतली. रगात थांबंना. हळद कुटं घ्यायची वावरात? पानीबी न्हवतं. माज्या बंडीत बाटली व्हती, ती फोडली आन जकमंवं रिकामी केली. जकम धुवाया बरी असती ती.”

“तो पितो का?”

“त्यो कसला पितोय! पोरांची गाडी हाय त्याच्याकडं. पितो म्या.” आबा थोडं थांबून म्हणाले, “आख्खी बाटली गेली माजी.”

मी खाली मान घालून बसलो. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. वास तोंडाला की कपड्यांना, एवढं त्यांनी लिहून विचारलं होतं आणि मी महिनाभर त्याचा शोधही घेतला नव्हता, याची मला मनापासून लाज वाटली. सिंधूचा चेहरा उजळला होता. ती उठायलाच लागली. पण बाईंचा कागद अजून संपला नव्हता.

“आबा, तो पडल्यापासून बोलायला लागेपर्यंत तुम्ही काय काय केलंत?”

आबा खुशीत आले होते, सांगू लागले. आरडा ऐकून बांध ओलांडून आलो. हाक मारली, वळखंना. बाटली वतली. टावेल बांधला. सिंधूला हाळी दिली, ती वस्तीवरून पळत आली. “मंग त्यानं हातपाय झाडलं, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. आमी पायतान हुंगवलं तवा कुटं—”

“आबा, पुरं,” सिंधू म्हणाली.

मी सिंधूकडे पाहिलं आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी आकडी विचारली तेव्हा ती ‘न्हाई’ म्हणाली होती ती घाबरून नव्हे. आकडी येणाऱ्या माणसाला गाडी चालवू देत नाहीत, हे बारा वर्षं ड्रायव्हरच्या घरात राहिलेल्या बाईला पक्कं ठाऊक होतं.

“किती वेळ झाडत होता, आबा?” बाईंचा आवाज पहिल्यासारखाच होता.

“तंबाकू मळून व्हईस्तवर म्हना की.”

बाईंनी लिहिलं. मग सिंधू त्यांच्या टेबलाशी येऊन वाकली. “मॅडम, दारूचं तेवढं लिवा. ह्ये दुसरं कशाला लिवताय? एकडाव आली ती आली. परत न्हाई आली. त्याचं चाक गेलं तर आमी करायचं काय?”

येवलेबाईंनी पेन खाली ठेवलं. मला त्यांच्याबरोबर काम करून चार वर्षं झाली होती, पेन खाली ठेवून बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

“ताई, दारू प्यायला नव्हता हे कोणी सांगितलं? आबांनी. आकडी आली हे कोणी सांगितलं? आबांनीच. एकाच माणसाच्या तोंडचं अर्धं खरं म्हणून घेऊ आणि अर्धं टाकून देऊ, असं कसं करू? मग शाळावाले म्हणतील, पहिलं अर्धं तरी कशावरून खरं?”

सिंधू सरळ उभी राहिली. “तुमाला काय जातंय,” एवढंच म्हणाली आणि आबांना घेऊन निघून गेली.

फाईल माझ्यासमोर आली. मी माझ्या जुन्या ओळीखाली नवीन तारीख घातली, वेळ घातली आणि लिहिलं. वास जखमेवर ओतलेल्या दारूचा, प्यायल्याचा पुरावा नाही, रक्त तपासलेलं नव्हतं ही माझी चूक. प्रत्यक्षदर्शीच्या सांगण्यानुसार पडल्यावर थोड्या वेळाने आकडी, अंदाजे दीड मिनिट. अंदाज दगडूआबांचा. सही केली. बाईंनी कोड बदलले, चिमटा काढला आणि डब्यात टाकला. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडला नाही, तसाच घरी नेला. हे मला शिपायाने सांगितलं.

शाळेने बबनची माफी मागितली, पालकांच्या बैठकीत उभं करून. आणि पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांनी कागद वाचून सांगितलं की गोळ्या चालू असेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही, दोन वर्षांनी बघू, तोवर आकडी आली की नाही याची रोज नोंद ठेवा. शाळेने त्याला त्याच बसवर मदतनीस केला. ज्या गाडीचा तो बारा वर्षं राजा होता, तिच्या दारात उभा राहून तो पोरांची दप्तरं उचलू लागला. सिंधूने इंदुरीत सांगितलं की हॉस्पिटलातल्या त्या बाईनं माझ्या घराचं चाक काढलं. गावातले लोक ओपीडीत आले की हे आम्हाला ऐकवत. बाईंच्याही कानावर जाई. त्या पुढची फाईल उघडत.

एकदा मी त्यांना म्हणालो, “समजा त्याला पुन्हा कधीच आकडी आली नाही तर?”

“नाही आली तर चांगलंच आहे,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी आली होती.”

पुढच्या वर्षी कॉम्प्युटर आले. पडद्यावर यादी उघडते, त्यातलं एक निवडायचं, कोरं सोडलं तर यंत्र पुढे जाऊ देत नाही. बाईंना आनंद होईल असं आम्हाला वाटलं. पण त्या यादीत सगळ्यात वर ‘अनिर्दिष्ट’ होतं आणि घाईतली बोटं तिथेच पडत. बाई दोन दिवस तो पडदा बघत बसल्या आणि मग म्हणाल्या, “हा कोऱ्या जागेला धुतलेले कपडे घालतो.” निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ दिला. व्यवस्थापकांनी लांबलचक भाषण केलं. बाई उत्तरादाखल म्हणाल्या, “दोरीवर अकरा फाईली आहेत. त्यातल्या चार सरांच्या,” आणि खाली बसल्या. सरांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच नीट पाहिलं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सोमवारची ओपीडी होती. बाई रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आल्या होत्या. निळा कोट नसल्यामुळे अजून ठेंगण्या दिसत होत्या. मी आत बोलावलं तर म्हणाल्या, “माझा नंबर एकोणीस आहे,” आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. माझ्या खोलीचं दार उघडंच असतं, त्यामुळे मला बाक दिसत होता.

सतरा नंबरला बबन आणि सिंधू आले. दोन वर्षं होऊन वर चार महिने झाले होते. पुण्याच्या डॉक्टरांकडे जाण्याआधी माझी चिठ्ठी हवी होती. बसचं स्टिअरिंग आता परत मिळणार नाही हे बबनने मनाशी धरलेलं होतं. “निदान वावरातला ट्रॅक्टर तरी, डाक्टर,” तो म्हणाला. “भावाच्या पोराला बोलवाय लागतंय दर बारीला.” मी विचारलं, नोंद ठेवली आहे का? सिंधूने पिशवीतून शाळेच्या तीन वह्या काढल्या. रोजची तारीख, गोळीची वेळ आणि पुढे एकच शब्द, ‘नाही’. पानामागून पान. मी तिसरी वही भराभर चाळली आणि म्हणालो, छान आहे, चिठ्ठी देतो.

सिंधूने वह्या उचलल्या, पण पिशवीत घातल्या नाहीत. ती दारातून बाहेर गेली आणि बाकासमोर जाऊन उभी राहिली. दोघींमध्ये त्या दिवसानंतर एक शब्द झाला नव्हता.

“मॅडम,” ती म्हणाली, “म्होरं द्यायच्या आदी तुमी बगा.”

येवलेबाईंनी चष्मा लावला. पहिल्या वहीच्या पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ओळीवरून बोट फिरवत, एकही पान न गाळता. अठरा नंबर येऊन गेला. एकोणीस पुकारला तर त्यांनी मान वर न करता पुढच्याला हाताने आत पाठवलं. बबन भिंतीला टेकून उभा होता. तिसऱ्या वहीत, अर्ध्याच्याही पुढे, त्यांचं बोट थांबलं.

“हा दिवस कोरा का?”

सिंधूने वाकून बघितलं. “म्या माहेरी गेलते, लगनाला. सांजच्याला गेले, दुसऱ्या दिशी आले.”

“आणि तुम्ही?” बाईंनी बबनला विचारलं.

“एकलाच व्हतो घरी. झोपलो व्हतो. काय झालं नसंल.”

“नसेल?”

मी आतून ऐकत होतो. समोरचा पेशंट आपल्या गुडघ्याबद्दल काहीतरी सांगत होता. साडेआठशेच्या आसपास दिवस, त्यात एक कोरा, आणि पुढे पुण्याचा डॉक्टर, ट्रॅक्टर. दोन अक्षरं लिहिली की काम झालं असतं. सिंधूने विचारलंसुद्धा, अगदी हळू. “मंग ‘नाही’ लिवू का?”

येवलेबाईंनी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि वहीसकट तिच्यासमोर धरलं.

सिंधू बाकाच्या कडेला टेकली, वही गुडघ्यावर ठेवली आणि लिहिलं. बाईंनी ते वाचलं, मान हलवली, वह्या एकावर एक नीट लावून दिल्या आणि उठून आत आल्या. मी त्यांचा रक्तदाब घेतला. जरा वाढलेला होता.

चिठ्ठी जोडताना मी ते पान उघडून पाहिलं. कोऱ्या जागेत लिहिलं होतं, ‘मी माहेरी होते. माहीत नाही.’ त्याखाली आजची तारीख होती, वेळ होती आणि सिंधूची पूर्ण नावाची सही होती.